झोळीची ताणलेली दोरी

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आता आहे का, ते अजून ठरत नाहीये... मी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. आमच्या धाड गावाच्या आसपास गाय दूध चोरायला लागली की लोक आधी तिला लिंबू-मिरची बांधतात, आणि गाय पार बसली की मग मला फोन करतात. मी कॅल्शियमची बाटली लावते, गाय उठते, आणि मालक लिंबालाच हात जोडतो! मी भडकते. स्वभावच तसा आहे माझा, समोरच्याच्या तोंडावर बोलून मोकळी होते.

तर हे मागच्या उन्हाळ्यातलं. नागपूरला आठ-दहा दिवसांचं ट्रेनिंग लागलं. धाकटा शिवू तेव्हा जेमतेम वर्षाचा, गौरी पाच वर्षांची. आमचे हे दिवसभर दुकानात, त्यामुळे दोन्ही पोरं सासूबाईंच्या जिवावर. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

शिवू दुपारी फक्त झोळीत झोपतो. माझ्या जुन्या साडीची झोळी, पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला बांधलेली. नुसतं बसून झोका देणं मला कधी जमलं नाही, हाताला काम लागतं. म्हणून झोळीला एक सुती दोरी बांधली. तिचं दुसरं टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, मधल्या खांबाला टेकून बसायचं, आणि पायाने दोरी ओढत हाताने भाजी निवडायची. आत्याबाईंना ही दोरी अजिबात पसंत नाही. "लेकरू हाय का विहिरीवरची बादली?" असं म्हणून त्या हातानेच झोका देतात.

नागपूरला पोचल्यावर व्हिडिओ कॉल केला, तर मला बघून शिवूने असा काही आकांत मांडला की हे म्हणाले, "तू फोनवर दिसूच नको आता." मग नुसते मेसेज. आणि माझ्या डोक्यात एकच — हा मला विसरणार. कामावर बघितलेलं असतं ना... गाय काही दिवस वासरापासून लांब राहिली की कधी कधी त्याला हुंगते आणि लाथ मारते. इथे तर वासरूच मला लाथ मारणार होतं.

ट्रेनिंगमध्ये जेवणानंतरच्या लेक्चरला रोज एक गंमत व्हायची. माझा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. संथ, एका लयीत. शेजारी वर्ध्याच्या एक मॅडम बसायच्या. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, बेंच हलतोय." मी पाय थांबवला की अंगठ्याला ओढ लागल्यासारखं व्हायचं, आणि पाय पुन्हा सुरू. सवयीचा परिणाम, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परत येताना बुलढाण्यापर्यंत एसटी, पुढे जीप. दुपार कलताना घरी पोचले तर दारात आत्याबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या, आणि त्यांचं लुगडं धरून शिवू. त्यांनी तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मी खाली बसले, पण हात पुढे करायची हिंमत होईना. आणि शिवू हसला! दोन्ही हात वर केले, घे म्हणून... जशी काही मी आतल्या खोलीतूनच बाहेर आले होते. मी दारातच रडायला लागले.

"आत्याबाई, हा मले विसरला नाही हो!"

"विसरीन कसा?" त्या तांब्या खाली ठेवत म्हणाल्या. "रोज दुपारी तं येऊन राह्यली होती तू."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी चक्क माझ्यासमोर हात जोडले. या घरात सून म्हणून आल्यापासून हे पहिल्यांदाच.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या फोननंतर शिवू रात्रभर धड झोपला नाही, सकाळी दूध घेईना. दुपारी लाइट गेलेली, बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. त्या शिवूला कडेवर घेऊन चुलीपाशी दूध गरम करायला गेल्या, आणि येऊन बघतात तर रिकामी झोळी हलतेय. रिकामी झोळी हलवली की लेकराचं पोट दुखतं, हे आमच्याकडे पक्कं. जवळ गौरी एकटीच बसलेली.

"काऊन हालवून राह्यली वं?"

"मी नाही, आजी. आई हालवते."

खोटं बोलते म्हणून तिला एक चापट बसली. आत्याबाईंनी झोळी रिकामी नको म्हणून घाईने शिवूला आत ठेवलं, आणि तेव्हा त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं. खुंटीला गुंडाळून ठेवलेली दोरी सुटलेली होती. जमिनीपासून वीतभर वर, थेट खांबापर्यंत ताणलेली.

"ताने, ढिली होये, पुन्हा ताने," त्या म्हणाल्या, "अन् टोकापाशी कोनीच नाही."

"तुम्हाले भेव नाही वाटलं?"

"भेव कायचं? मायची दोरी हाय ते. मी हात जोडले अन् गुपचूप बसली. लेकरू निजलं. मंग रोजच."

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी फॅन फुल केला, खिडक्या उघडल्या, शिवूला झोळीत मनसोक्त लोळू दिलं. झोळी हलते. दोरी मात्र जमिनीवर नुसती लोळते. ती ताणायला दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागतं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. आल्या दिवशी एवढं सगळं बोलणं होईपर्यंत गौरी माझ्याजवळ आलीच नव्हती. पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. संत्रा बर्फी दिली, घेतली नाही. मी शेजारी जाऊन बसले. ती भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली,

"तू खांबापाशी बसे. मी तुले किती हाका मारल्या. तू माह्याकडं पाह्यलंच नाही, नुसती शिवूकडं पाहे. आजीनं मले मारलं, तरी तू काहीच नाही बोलली."

'ती मी नव्हते गं' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या लेकराला रोज झोपवून गेली ती मी नव्हते, असं म्हणायला जीभ रेटेना. मी तिला जवळ ओढलं. ती ताठच राहिली, आणि मग हळूच डोकं टेकवलं.

कोणाला काही कारण सुचत असेल तर जरूर सांगा, फक्त वारा आणि फॅन सोडून. मला अजून काहीच सापडलेलं नाही. ती दोरी डोळ्यांसमोर आली की अंगावर काटा येतो, भीतीचा नाही... हात जोडावेसे वाटतात. पण एक गोष्ट आत सलत राहते. नागपूरच्या त्या हॉलमध्ये माझ्या मनात फक्त शिवू असायचा. गौरी शहाणी आहे, तिची काळजी नाही, असं मी धरून चालले होते. दोरीच्या टोकाला जे कोणी येऊन बसायचं, त्यानेही तेच धरून चाललं होतं.