शहजादची शिट्टी

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर निम्मा व्यवहार गॅलरीतून दोरीने सोडलेल्या पिशवीतून चालतो. समोरच्या मेहरुनभाभींचा शहजाद बाइकची किल्ली हमखास घरात विसरायचा आणि खालून शिट्टी मारायचा. दोन तुटक, एक लांब. सगळे वैतागायचे, मी जरा जास्तच. भाभी मात्र हातातलं काम टाकून पिशवी सोडायच्या.

आता तो मालवाहू जहाजावर आहे, आणि भाभींचे यजमान खलीलभाई गेल्यापासून घरात भाभी एकट्याच. जहाज एखाद्या किनाऱ्याजवळून जातं तेवढ्यापुरती त्याच्या फोनला रेंज येते. तीही अशी की फोन लागत नाही, मेसेज तेवढा जातो. त्याने 'अम्मी' लिहिलं की भाभींनी लगेच बोलून आवाज पाठवायचा आणि रेंज जायच्या आत त्याने तो ऐकायचा, अशी मायलेकरांची रीत. म्हणून जाताना त्याने आपली शिट्टी आईच्या फोनमध्ये भरली आणि फक्त आपल्या मेसेजला लावली. बाकी जगाला नुसतं टिंग.

मागच्या महिन्यात फोन आपणहून अपडेट झाला आणि शिट्टी गेली. शहजादच्या मेसेजलाही टिंग. भाभी फोन घेऊन माझ्या दारात आल्या.

"भाऊ, पोराला ताप हाय. सकालीच लिवलंय त्याने, मला आता दिसलं. शिट्टी वाजलीच नाय."

मी वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या धंद्यात हयात घालवलेला माणूस. म्हटलं, एवढंसं यंत्र काय ऐकत नाही बघू. सेटिंगमध्ये शिरून शहजादच्या नावाला शिट्टी लावली, एकदा वाजवून पाहिली. फोन बंद करून चालू केला की पुन्हा टिंग. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. मी चिडून फोनला नको ते बोललो. इकडे भाभी प्रत्येक टिंगला धावायच्या आणि हाती लागायची कुठल्या तरी सेलची जाहिरात.

शेवटी आम्ही शिरवण्यातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार आकाश म्हणाला, "ॲपचा लफडा हाय काका. एका नावाला नाय टिकनार. अख्ख्या फोनलाच शिट्टी लावून देतो. ती जानार नाय."

मला ते पटलं नाही. पण भाभी म्हणाल्या, "लावा. वाजली म्हंजे झालं."

ती टिकली हे खरं. पण आता सगळं जगच शहजादच्या शिट्टीने बोलायला लागलं. वीजबिल आलं, शिट्टी. रिचार्ज संपत आला, शिट्टी. पहिल्या दिवशी तर भाभी सवयीने गॅलरीत जाऊन खाली बघून आल्या. मला ते बघवेना. हळूहळू त्यांचं धावणं कमी झालं.

काल सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडण जुंपलं होतं. समोरच्या घरातून शिट्टीवर शिट्टी ऐकू येत होती. भाभी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. हात पिठाचे, तव्यावर भाकरी. पार्किंगवालेच असतील म्हणून त्या उठल्या नाहीत.

हात धुऊन त्यांनी फोन पाहिला तो सोसायटीच्या मेसेजांमध्ये शहजाद होता. 'अम्मी.' मग 'अम्मी, हाईस का?' आणि शेवटी, 'ताप परत आलाय. तुझा आवाज ऐकायचाय.'

मी गेलो तेव्हा भाभी फोन तोंडाशी धरून बोलत होत्या. गोळी घे, पाणी पी, कॅप्टनला सांग, मी हाय इकडे, हाय मी. पाठवलं. एकच टिक आली. आम्ही दोघं त्या टिककडे बघत बसलो. दुसरी आली नाही. मला इतकं निकामी कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. दोन तुटक, एक लांब. भाभींनी झडप घालून फोन उचलला. पार्किंगचाच मेसेज होता.

मी म्हणालो, "भाभी, द्या तो फोन. ही शिट्टी काढून टाकू आधी."

त्यांनी फोन ओढणीखाली घेतला.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "घरात तेवढाच त्याचा आवाज हाय."