माणशी तीस हात नाडा

घाटकोपरच्या दुकानदाराने विचारलं, "ताई, एवढ्या नाड्यात किती परकर शिवणार?"

"परकर नाही," मी म्हटलं, "बर्फात गाडलेलं माणूस शोधायला हवाय." त्याने नाडा मोजून दिला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हिमालयात गिर्यारोहण शिकून आले होते, त्यामुळे आमच्या पाच जणांच्या टोळीची पुढारी झाले होते. टोळीत माझा थोरला भाऊही होता. तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. जूनमध्ये त्याचं लग्न होतं, मालकाने कशीबशी रजा दिली होती. ही एक खिंड ओलांडायची आणि मग संसाराला लागायचं, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

मे महिन्यात ऊन चढलं की बर्फ भिजून उतारावरून सुटतो. म्हणून ऊन लागायच्या आत, एका वेळी एकानेच उतार पार करायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. कमरेची लांब लाल दोरी मागे सोडायची. माणूस गाडला गेला तरी दोरीचा तुकडा वर राहतो. हलकी नायलॉनची दोरी मिळेना, म्हणून मी लाल सुती नाडा घेतला. मुलुंडच्या डोंगरावर सराव केला. सह्याद्रीत एकमेकांचा हात धरून चालणारी ही मंडळी. त्यांना एकेकटं चालवताना माझा घसा बसला. वाळल्या गवतावर नाडे मात्र झकास दिसत होते.

खिंडीखाली पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दादाने सॅकमधून घाटकोपरहून आणलेला नारळ काढला. आमच्या कोकणातल्या रीतीने देवांना गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो पाऊल टाकणार नव्हता. गावच्या वेशीपासून एकेका देवाचं नाव घेत त्याचं गाऱ्हाणं सावकाश पुढे सरकलं आणि आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिलो. मीही म्हणत राहिले, ही माझी चूक. घड्याळ दिसत होतं, पण देवाच्या कामात थोरल्या भावाला थांबवायला जीभ रेटेना. गाऱ्हाणं संपलं तेव्हा उतारावर ऊन आलं होतं.

दादा पहिला निघाला. वीसेक पावलांवर त्याचा नाडा भिजून बर्फात रुतायला लागला. सुती नाडा घेणं हा माझा गाढवपणाच, पण बर्फाचं पाणी होतंय हे त्या नाड्यानेच मला दाखवलं. मी नाडा ओढला.

"दादा, मागे फिर."

"अगं, खिंड समोर दिसतेय."

"दिसू दे. फिर."

तो फिरला. परतीची तिकिटं काढलेली होती, दुसरा दिवस हाताशी नव्हता. आम्ही दुपारपर्यंत तिथेच बसलो. उतार जागचा हलला नाही.

"काय कोसळलं, सांग," दादा उताराकडे बोट दाखवत म्हणाला. नंतर घाटकोपर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पुन्हा हिमालयात जाणं त्याला कधी जमलंच नाही. पुढे प्रत्येक लग्नाबारशात तो सांगायचा, "आमच्या बायने नाडा ओढला." लोक हसायचे. मला ते फार लागायचं.

परवा त्याची मुलगी तशाच एका खिंडीकडे निघाली; मागे फिरायची वेळ मी तिला ठरवून दिली होती. "बाबा, नारळ नेऊ?" तिने विचारलं.

"नको. गाऱ्हाणं इथेच घालू," दादा म्हणाला. सगळे देव घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आत्येन सांगलल्या टायमाक माझ्या चेडवाक मागे फिरव."

'व्हय म्हाराजा,' सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.