शिंपीकाकांची कात्री

आमचे काका शिंपी, पण त्यांचा जीव संकरित ऑर्किडांत. कुंडी बदलताना ते रोपाला म्हणतात, “या बाईसाहेब, कंबरेत सैल करून देतो!” आणि कुजकी मुळं सपासप छाटतात. पात्यावरून रोग पसरतो, म्हणून दर रोपानंतर कात्री ज्योतीवर धरतात.

काल मात्र शेजारच्या मास्तरांपुढे बढाया मारताना त्यांची कात्री कापडावर चालावी तशी न थांबता चालली. ज्योतीची आठवणच राहिली नाही. अकरावं रोप त्यांनी स्वतः संकर करून सात वर्षं वाढवलेलं, एकुलतं एक. तेही छाटून झालं.

मास्तरांनी पहिल्या रोपाचं पान उजेडात धरलं. “काय हो, हे काळे पट्टे कसले?”

“ऊन लागलं असेल,” काकू म्हणाली.

काकांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी आपलं रोप उचललं आणि दूर जिन्याखाली एकटंच नेऊन ठेवलं.