दडवलेली एरर

माझी जागा घेणारी बाई माझ्याच टेबलाशेजारी बसायची. सौदीतल्या अल-खोबरच्या एका खासगी दवाखान्यात अकरा वर्षं मी संगणकांची सगळी व्यवस्था सांभाळली होती. आता परदेशी लोकांच्या जागी सौदी नेमायच्या सरकारी सौदीकरणात ती खुर्ची या स्थानिक इंजिनिअरला मिळणार होती. तीन महिन्यांत तिला सगळं शिकवा, मग तुमचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, खलास, असं मॅनेजरनं सांगितलं होतं.

दुसऱ्या महिन्यात अपॉइंटमेंटची वेबसाइट बंद पडली. उघडली की नुसतं पांढरं पान. काय बिघडलंय, त्याचं एक अक्षर नाही. असं का होतंय ते मला ठाऊक होतं. पूर्वी एकदा मालकाच्या पाहुण्यांसमोर पडद्यावर एरर झळकली, तेव्हा मॅनेजर माझ्यावर ओरडला होता, "लोकांना हे दिसता कामा नये!" मी घाबरून एरर दाखवणंच बंद केलं. त्यांची नोंद ज्या फोल्डरात व्हायची, तो पुढे सर्व्हर बदलताना नाहीसा झाला. एरर पुन्हा दिसायला सेटिंगच्या दोन ओळी बदलायच्या होत्या, बस.

"तुम्हाला काही सुचतंय का?" तिनं विचारलं.

"आता तुम्हालाच बघायचंय," मी म्हणालो.

दोन दिवस ती बघत राहिली. खाली रिसेप्शनपाशी पेशंट ताटकळत होते. घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता थांबली.

"अहो, दवाखाना आहे तो. सांगून टाका ना तिला."

"मला इथे कोण काय सांगतंय?" मी तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्या ओळी शोधल्या आणि एरर दिसली. डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, तो वेबसाइटला कुणी दिलाच नव्हता. पाच मिनिटांत साइट सुरू झाली. मग तिनं त्या ओळींवरची टीप वाचली. बदल करणारा म्हणून तिथे माझं नाव होतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"विसरलो होतो."

"काल मी खाली बसून हातानं पेशंटची नावं लिहून घेत होते," ती म्हणाली. "तुम्ही मला बघितलंत."

मॅनेजरला पाठवलेल्या मेलमध्ये मात्र तिनं लिहिलं, आम्ही दोघांनी मिळून शोधलं. त्यानं शाबासकी फक्त तिला दिली, आणि लाज वाटायच्या आधी मला त्याचाच राग आला.

त्यानंतर तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. तिला शिकवायचं राहून गेलं, असं मी इकडे मायदेशी परत आल्यावर लोकांना सांगतो. राहून गेलं नव्हतं. मी शिकवलं नाही.