आधी पेन्सिल

पिरंगुटच्या कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंग करून मेधाने साठवलेल्या पैशांतून गोठ्यात सीएनसी मशीन मांडलं, तेव्हा सासरे कुशाबा म्हणाले, "म्हस बरी व्हती. हाक मारली की वळून तरी बघायची."

मशीन टेबलाएवढंच. कॉम्प्युटरवर काढलेली अक्षरं ते आपसूक लाकडात कोरायचं. भुशाने बिघडायला नको म्हणून कॉम्प्युटर घरात. फाइल मेमरी कार्डात घ्यायची, कार्ड पदराच्या गाठीत बांधायचं, अंगण ओलांडून मशीनला द्यायचं.

गावच्या वाचनालयाची पाटी हे तिचं पहिलं मोठं काम. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. फळी सागवानी, सुतारकाम करणाऱ्या कुशाबांनी वीस वर्षं जपलेली.

"एकच हाय. बिघडली तर लावू दे गावाला फ्लेक्स."

मेधाने कार्ड खोचलं. कटर बसवणार, तोच कुशाबांनी कानावरची पेन्सिल पुढे केली. "आदी ही फिरंल, मंग हत्यार. मशीन तुझं आसंल, फळी माझी हाय."

वैतागून तिने कटरच्या जागी पेन्सिल बसवली. मशीन घुर्रर्र करून निघालं, टिक्‌टिक् करत जागच्या जागी घुटमळलं आणि थांबलं. दोघं वाकले. तीन फुटी फळीच्या कोपऱ्यात अख्खं 'सार्वजनिक वाचनालय', काड्यापेटीत मावेल एवढं!

"मुंग्यांसाठी काढलंस व्हय गं?" कुशाबांना हसता हसता ठसका लागला.

कटर असता तर फळी गेलीच होती. मग मेधाला उमगलं. मापं सासऱ्यांची, इंच आणि सुतातली. तिने पाटीही इंचातच काढली. मशीनला ठाऊक फक्त मिलिमीटर. छत्तीस इंचांचे त्याने छत्तीस मिलिमीटर केले.

"आबा, ह्याला तुमची मापं कळत न्हाईत."

"मंग शिकव की! मास्तरीण तू."

ती पळत घरात गेली. फाइल मिलिमीटरमध्ये केली, कार्ड गाठीत, परत गोठ्यात. पुन्हा पेन्सिल. आता अक्षरं या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुशाबांनी फूटपट्टी लावली. एका सुताचा फरक नाही.

"घाल आता हत्यार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटीखाली कोणीतरी विचारलं, "कुठल्या कंपनीतनं आणली हो?"

"कंपनी कसली? आमच्या गोठ्यातनं. सुनंनं केली," कुशाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मेधाची नजर कोपऱ्यावर गेली. पॉलिशखाली ते चिमुकलं वाचनालय तसंच होतं.

"आबा, हे घासायचं राह्यलं!"

"राह्यलं न्हाई, ठिवलंय. सही हाय ती तुझी."