मागच्या सीटवर कोण बसतं

माझ्या थोरल्या भावाला धंद्यातली माणसं ‘वजनकाटा’ म्हणतात, आणि तेही तोंडावर. गाड्यांची उंची कमी करून देणं हे दादाचं काम. हौशी पोरं येतात, गाडी रस्त्याला चिकटवून द्या म्हणतात, आणि दादा आधी एकच विचारतो, “मागच्या सीटवर कोण बसतं?” रोज बसणारी सगळी माणसं घेऊन यायची, ज्याने त्याने आपापल्या जागी बसायचं, आणि तशा भरल्या गाडीवर किती खाली घ्यायची ते ठरवायचं. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्या वाटच्या वाळूच्या थैल्या ठेवायच्या, एकेक पाच किलोची. एका जावयाने भिडेपोटी आपल्या अगडबंब सासऱ्यांना दहा थैल्यांत बसवलं होतं. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागची चाकं मडगार्डला घासली आणि सासरेबुवांचं खरं वजन गल्लीभर झालं.

गॅरेजातले फोन आणि सुटे भाग मी बघते. बोलण्याचं खातंही माझ्याकडेच, कारण दादाला दिवसाला वीस शब्द पुरतात.

त्या मंगळवारी भर दुपारी दादाचा मुलगा गाडी घेऊन आला. सात महिन्यांपूर्वी त्याची बायको लेकीला घेऊन माहेरी निघून गेली होती. भांडण कशावरून झालं ते दोघांनीही आम्हाला धड सांगितलं नाही. दादा मात्र ‘गेली’ हा शब्द कधी तोंडातून काढत नसे. कुणी विचारलं की म्हणायचा, माहेरी आहे, येईल. त्या आशेवर गडी जगत होता हे मला दिसत होतं, आणि ती आशा मोडायची माझी हिंमत नव्हती.

“बाबा, साठ मिलिमीटर खाली घ्या,” मुलगा म्हणाला.

“मागे कोण बसतं?”

“कुणी नाही. मी एकटाच असतो.”

दादाने हात पुसले, कोपऱ्यात गेला आणि थैल्या आणायला लागला. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर अकरा ठेवल्या. सुनेला हा आकडा कळला असता तर तिने सासऱ्याशी अबोला धरला असता. मग मागचं दार उघडून त्याने तीन थैल्या ठेवल्या, खिडकीच्या बाजूला, नात बसायची तिथेच.

“हे काय चाललंय?” मुलगा म्हणाला.

“रोजचं वजन. साठ घेतली तर चाक घासेल. तीसच्या पुढे मी जाणार नाही.”

“रोजचं? सात महिने झाले बाबा! आत्या, तू तरी सांग ना यांना.”

मी काय सांगणार, कपाळ? मला दोघांचाही राग आला होता. पोरगा बायकोवरचा राग गाडीवर काढत होता, आणि म्हातारा वाळू भरून संसार जोडत होता. मी रजिस्टरमध्ये डोकं खुपसून बसले.

दादा चौथी थैली हातात घेऊन उभा होता. “तीन पुरतील का चार लागतील? वाढली असेल ना आता. किती वजन आहे तिचं?”

मुलाने मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, “माहीत नाही.”

“बापाला माहीत नाही?”

एवढं त्याला फार लागलं. खिशातून फोन काढून तो शटरपाशी जाऊन उभा राहिला. बायकोला तो किती महिन्यांनी फोन करत होता ते देव जाणे. आम्हाला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

“मी बोलतोय… तिचं वजन किती आहे आता?… वजन… नाही, ती आजारी आहे असं कुणी म्हटलं नाही… बाबा विचारतायत… गाडीसाठी. मागच्या सीटवर किती वजन धरायचं, त्यासाठी.”

मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. शेवटी “बरं” म्हणाला आणि आत आला. चेहरा पार उतरला होता. सात महिने आम्हाला ताठ मान दाखवणारा तो पोरगा मला एकदम लहान दिसला, आणि माझा सगळा राग पळाला.

दादाच्या हातात ती थैली तशीच होती. “किती म्हणाली?”

“आकडा नाही सांगितला.”

“मग?”

“म्हणाली, बाबांना सांग, आमची जागा धरू नका.”

हातातली थैली दादाने खाली ठेवली. मागच्या तीन काढल्या, मग पुढच्या अकरा, एकेक करून. मी मदतीला उठले तर मानेनेच नको म्हणाला. सगळ्या काढून झाल्यावर त्याने सीटवर सांडलेली वाळू हाताने झटकली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

“बस,” तो मुलाला म्हणाला. “तुझ्या एकट्याच्या वजनावर घेतो.”