न धुतलेला पंप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ बोललो असतो कदाचित — पण ती गेली, आणि हे झालं त्याच्या पुढच्या वर्षी.

गडहिंग्लजच्या बाजूला माझा ऊस, बांधापलीकडं दत्तूचा कापूस. एकट्या माणसाला चूल पेटवायचा कंटाळा, त्यामुळं सकाळचा चहा त्यांच्याकडं, बऱ्याचदा भाकरीसुद्धा. त्याची बायको सुनंदा मला भावजी म्हणते. शेतातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे दत्तूच चारचौघांत सांगायचा.

त्या वर्षी मृगात सगळ्यांनी कापूस टोकला. सुनंदा म्हणाली, ओल खाली पोचलेली नाही, थांबू. दत्तू थांबला. आर्द्रा लागल्यावर त्यांची टोकण झाली. उगवण बघत राहावी अशी. दोन भांगलणी तिनं बायकांबरोबर स्वतः वाकून केल्या, तणाची काडी दिसेना. मग मावा पडला, आणि औषध मारायला दत्तूनं माझा पाठीवरचा पंप मागितला.

मनातल्या मनात सांगतानाही मी इथंच अडतो.

आदल्या दिवशी त्याच पंपानं मी उसात तणनाशक मारलं होतं. उसाला ते काही करत नाही. कापसाला थेंबही सोसत नाही. पंप सोडा घालून तीन-चार पाण्यांनी धुवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी धुतला नव्हता. देताना आठवलं का? आठवलं. — पाणी आणायचं जिवावर आलं, एवढंच. उरलंसुरलं असेल थोडं, त्यानं काय होतंय, असं म्हणून दिला.

आठवड्यात शेंडे वाकडे झाले. नवी पानं बोटांसारखी अरुंद निघाली. बोंडं धरलीच नाहीत. मी बघताक्षणी ओळखलं. दत्तूनं मला बांधावर नेलं. सुनंदा मागं उभी होती.

"आण्णा, टोकण उशिरा झाली म्हणूनच की हे?" दत्तूनं मला विचारलं.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काय होतं, सांगू? त्याचा कापूस नव्हता. त्यांच्या सोप्यातली माझी बसायची जागा होती. ती गेली तर मी कुठं जाणार होतो?

"व्हय," मी म्हणालो, "उशिरानंच."

दत्तू तिला एका शब्दानं बोलला नाही. पण त्यानंतर शेतातलं तिला विचारणं त्यानं सोडलं, आणि हळूहळू तीही सांगेनाशी झाली. माझा चहा मात्र एक दिवस चुकला नाही. आठ वर्षं तिच्या हातचा पितोय. त्या भरल्या घरात बसून जेवढं एकटं वाटतं, तेवढं माझ्या रिकाम्या घरात वाटत नाही.

यंदा त्यांच्या नव्या सुनेनं सासूला विचारलं, कापूस कधी टोकायचा. मी तिथंच होतो, कप हातात.

"मला त्यातलं काय कळत न्हाय, बाई," सुनंदा म्हणाली. "भावजीस्नी इचार."

सुनेनं मला विचारलं. मी सांगितलं.